पोट्टे कुल्फीला गेल्यावरचं संगीत

वह्या तपासताना मी गोळ्या घालायच्या गेमचं संगीत लावते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ज्यांना उठून जायचंय त्यांनी खुशाल जावं. मी अकोल्यात एका शाळेत गणित शिकवते, वय चाळिशीला टेकलंय, घरी नवरा आणि दहावीतली मुलगी आहे, आणि माझ्या मोबाइलमध्ये राक्षसांच्या बोगद्यातली घुंघुं वाजत असते. शिक्षकखोलीत एकदा ते चुकून मोठ्याने लागलं, तर शेजारच्या बाईंनी उघडलेला डबा परत बंद केला. घरी काही टेन्शन आहे का, असं त्यांनी फार मायेनं विचारलं. दुसरीने संध्याकाळी बासरीचं काहीतरी पाठवलं, त्यानं म्हणे मन शांत होतं. माझं मन शांतच आहे हो. मला बासरी नको.

या संगीतात चाल नाही, ठेका नाही, गुणगुणावं असं काहीच नाही. लांब कुठंतरी कुणी लोखंडी दार ओढत नेतंय, त्याच्या मागे वारा, मधेच कुणाचातरी श्वास, आणि पुन्हा नुसतं पोकळ. भीती वाटते का? वाटते ना. त्यासाठीच तर ऐकते. ज्याला पाय हलवायचेत त्याच्यासाठी लग्नाच्या वराती आहेत.

हे कान मला लागले ते अमरावतीच्या घरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. मामानं दादासाठी मुंबईहून सीडीवर चालणारा व्हिडिओ गेम आणला होता. आमच्या गल्लीत तोवर कॅसेटचेच गेम होते, त्यामुळे हे नवीन यंत्र बघायला पोट्टे, म्हणजे दादाच्या वयाची पोरं, चपला हातात घेऊन यायचे. बाबांचा नियम एकच होता: परीक्षा संपली की यंत्र कपाटातून बाहेर, शाळा सुरू झाली की कपाटात आणि कुलपात. म्हणजे तो गेम आमच्या घरी फक्त एप्रिल-मेमध्ये चालला. दिवाळीत नाही, पावसाळ्यात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

टीव्हीसमोरच्या सतरंजीवर दादा आणि त्याचे मित्र. मागे खिडकी, खिडकीला बाहेरून लावलेला लोखंडी कूलर, आणि खिडकीच्या रुंद कठड्यावर मी. ती जागा मला कुणी मानानं दिली नव्हती. कूलरमधलं पाणी संपलं की मोटर कोरडी फिरते आणि जळते, म्हणून कुणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं, आणि घरात मुलगी असताना ते कुणीतरी कोण असणार ते सांगायला नको. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात कूलर रांजणासारखा पाणी पितो. मोटरचा आवाज गुरगुरायला लागला की मी पायात चप्पल घालायची, कारण तो लोखंडी पत्रा शॉक मारायचा, आणि बादली घेऊन मागच्या दारानं जायची. परत येईपर्यंत पोट्ट्यांनी आणखी दोन दालनं पार केलेली असायची.

गेम मला कधी मिळायचा? दुपारी कुल्फीवाल्याची घंटी वाजली की. सगळे एकदम उठून पळायचे, आणि दादा जाता जाता म्हणायचा, हात नको लावू. मी लगेच लावायची; वायर ताणून रिमोट कठड्यावरच आणायची, कूलर सोडता येत नव्हता ना.

आता गंमत अशी की तोवर त्या जागेतले सगळे राक्षस मारून झालेले असायचे. गोळ्या घालायला कुणी उरलेलं नसे. मी त्या रिकाम्या खोल्यांमधून हळूहळू चालायची, एखाद्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि ऐकायची. पोट्टे असताना बंदुका आणि त्यांची बोंबाबोंब याखाली संगीत कुणाला ऐकू येणार! ते गेले की जमिनीखालून यावं तसं ते वर यायचं. सगळ्यात खाली एक जाड, न थांबणारा सूर होता. तो सूर माझ्या पाठीतून शिरायचा आणि पोटात येऊन बसायचा. त्यावर ते दार, तो वारा, तो श्वास. इतक्या भरल्या घरात मी एकटी असायची ती तेवढाच वेळ, आणि मला ते लय आवडायचं.

एकदा ते लवकर परतले. दादानं टीव्हीवर मला तशी उभी असलेली पाहिली आणि मित्रांना दाखवून म्हणाला, "पाह्य बे, भिताड पाहून राहिली हे." त्यानंतर सुट्टीभर माझं नाव भिताड पडलं. मला राग आला, रडूही आलं, पण दुसऱ्या दिवशी घंटी वाजल्यावर मी परत त्याच भिंतीसमोर जाऊन उभी राहिले.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. शिक्षण, लग्न, अकोला, पोरगी. दादा पुण्याला गेला आणि ते यंत्रही बरोबर घेऊन गेला. तिकडे त्यानं ते काचेच्या कपाटात मांडून ठेवलंय, पाहुण्यांना दाखवतो. मग एके दिवशी माझ्या पोरीनं मला मोबाइलवर ते संगीत शोधून दिलं. जुनी गाणी ऐकणारे असतात तसे हे ऐकणारेही जगात हजारोंनी आहेत म्हणे. मी कानात बोंडं घातली, डोळे मिटले, आणि दोनच मिनिटांत उघडले. दार होतं, वारा होता, श्वास होता. खालचा सूर नव्हता.

मी दुसरीकडचं लावलं, तिसरीकडचं लावलं. कुठंच नाही. मग मी तिथं खाली लिहिलं की बाबांनो, तुम्ही हे साफ करताना मूळ संगीतातला खालचा सूर उडवलाय. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातल्या लोकांनी फार नम्रपणे उत्तरं दिली की असा सूर कधी नव्हताच. एकानं तर मूळ सीडीवरून काढलेलं पाठवलं. त्यातही नाही. मी त्यांच्याशी आठवडाभर भांडले. नवरा म्हणाला, जाऊ दे ना. मी म्हटलं, काहून जाऊ देऊ? मी ऐकलंय.

शेवटी दादाला फोन लावला. म्हटलं, याच्या घरी तर यंत्रच आहे, हा सांगेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला, आणि म्हणाला, "तू कुठी खेळत होती वं? तू त कूलरात पानी टाके."

बस. एवढंच. तो वाईट मनानं बोलला नाही, हे मलाही कळतं. त्याला खरंच तसंच आठवतं. त्याच्या आठवणीत सतरंजी आहे, मित्र आहेत, मारलेले राक्षस आहेत, आणि मागे कुठंतरी बादली घेतलेली एक बहीण आहे. पण मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. तो सूर नव्हता असं ठरलं, तर मग मीही तिथं नव्हते असंच झालं की. माझ्या त्या उन्हाळ्यांचा पुरावा म्हणून माझ्याकडे दुसरं होतं काय?

गेल्या मेमध्ये मी चार दिवस माहेरी गेले. दादाही आला होता, आईबाबांसाठी एसी बसवायला. एसीला माझी हरकत नव्हती; त्यांच्या वयाला तो हवाच. एसीवाला मिस्त्री यायचा होता आणि भंगारवाल्याला कूलरसाठी निरोप गेला होता. बाहेर असं ऊन की डांबर चपलेला चिकटत होतं. बाबा म्हणाले, आजच्या दिवस लावा कूलर, आम्ही काय भाजून निघू का. दादानं कूलर लावला. मी सवयीनं कठड्यावर जाऊन बसले, मोबाइल बाजूला ठेवला, आणि त्यावर माझं ते संगीत सुरू केलं, वह्या नसतानाही.

आणि खालचा सूर आला.

पाठीतून शिरला आणि पोटात येऊन बसला, अगदी जसाच्या तसा. मी आधी मोबाइलकडे पाहिलं. मग मागे वळून कूलरकडे पाहिलं. उठून कूलरचं बटण बंद केलं, सूर गेला. परत लावलं, आला. आई विचारू लागली की हे काय करून राहिली तू, बिघाडशील ना. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

इतकी वर्षं मला कळलं कसं नाही, असं कुणी विचारेल. कसं कळणार? गेम निघायचा तो उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात कूलर दिवसभर चालू. वीज गेली की दोन्ही एकदम बंद, आली की दोन्ही एकदम सुरू. एकाशिवाय दुसरं मी कधी ऐकलंच नव्हतं.

दादाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. तुझं महान संगीत कूलरचं निघालं म्हणाला, आणि वहिनीला फोन करून सांगायला बाहेर गेला. मलाही क्षणभर ओशाळल्यासारखं झालं, जगभरच्या त्या नम्र लोकांशी मी आठवडाभर भांडले होते. पण तो बाहेर हसत होता आणि मी आत कठड्यावर बसून होते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे संगीत सतरंजीवर, त्या बोंबाबोंबीत, ऐकूच येत नव्हतं. ते फक्त इथून, कूलरला पाठ लावून बसलेल्याला ऐकू येत होतं. ज्या कुणी ते बनवलं त्यालाही असं ऐकू आलं नसेल. मला हिशेबातून वगळण्यासाठी जी जागा दिली होती, तिथं बसून मी सगळ्यांपेक्षा जास्त ऐकलं होतं. मग मी का ओशाळू?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर खिडकी मोकळी आणि कूलर भंगारवाल्याच्या हातगाडीवर. मी गाऊनवरच फाटकाबाहेर गेले आणि गाडीला आडवी उभी राहिले. कूलर खाली उतरवा म्हटलं. दादा म्हणाला, अगं पत्रा सडलाय त्याचा. मी म्हटलं, माझा आहे, सडू दे. आई फाटकाशी येऊन हळूच म्हणाली की लोक काय म्हणतील, लेक माहेरून गंजका कूलर घेऊन गेली. मी सांगितलं, लेकीला माहेरून काय न्यायचं ते लेकीला ठरवू दे एकदा. भंगारवाल्यानं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दोर सोडला.

त्याच दुपारी एक छोटा टेम्पो ठरवला. निघताना आईनं माझी ओटी भरली, तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस, सगळं रीतीप्रमाणे. मग काय वाटलं तिला कोण जाणे, करंडा हातात होताच, तिनं टेम्पोत चढून कूलरलाही हळदकुंकू लावलं. दादाला ते पाहून पुन्हा हसू आलं, पण आईकडे बघून त्यानं ते गिळलं. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा टेम्पोवाला विचारू लागला की अकोल्यात कूलर मिळत नाहीत का बाई. मी म्हटलं, मिळतात, पण त्यांना हा आवाज नाही.

अकोल्यात मी त्याला नवा पत्रा ठोकून घेतला, बाजूंना गवताच्या नव्या ताट्या बसवल्या, आणि खिडकीला बाहेरून लावला. मोटरला हात लावू दिला नाही. मिस्त्रीनं खूप सांगून पाहिलं की ही आवाज करते, बदला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

यंदाच्या मेमध्ये दादा वहिनीला घेऊन आमच्याकडे आला, आणि येताना, माझ्या पोरीनं हट्ट धरला होता म्हणून, ते यंत्र काचेच्या कपाटातून काढून घेऊन आला. टीव्हीला लावायला अर्धी दुपार गेली. लागल्यावर दादा सतरंजीवर त्याच्या जुन्या ऐटीत बसला आणि खेळायला लागला. सरावलेला हात, एकेक राक्षस टिपत गेला. पोरगी वाहवा करत होती. मी मागे खिडकीच्या कठड्यावर, कूलरला पाठ लावून बसले होते. सगळे मेल्यावर मी उठले, त्याच्यासमोर हात पुढे केला. तो म्हणाला, थांब, पुढचं दालन करतो. मी हात मागे घेतला नाही. त्यानं रिमोट दिला.

मी सतरंजीवर बसले. चालत चालत कोपऱ्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बंदुका थांबल्या होत्या. तो सूर खोलीभर पसरला. दादा उठून कठड्यावर जाऊन बसला, बसायला दुसरी जागाच नव्हती. त्यानं पाठ कूलरला टेकवली.

मग त्यानं विचारलं, "हे पयलेपासून होतं का वं?"

मी होतं म्हटलं. तेवढ्यात खालचा सूर फाटल्यासारखा झाला, गुरगुरायला लागला. दादा दचकून म्हणाला की आता कोण आलं, राक्षस राहिला वाटते एखादा.

मी भिंतीवरची नजर हटवली नाही.

"राक्षस नाई, दादा. कूलरातलं पानी संपून राहिलं. बादली मांगच्या दाराशी हाये. चप्पल घालून जाय, शॉक मारते."

तो उठला, चप्पल घातली आणि बादली घ्यायला गेला.