मेकअपच्या खुर्चीतून फुटलेली बातमी

क्रीडावाहिनीच्या मेकअपच्या खोलीत ताईंच्या खुर्चीत बसलं की भल्याभल्यांची जीभ सैल सुटायची. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर दुसऱ्याचा हात. मग कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचा गुडघा कुरकुरतोय, सगळं ताईंच्या कानावर पडायचं.

"आमच्याकडे आलेलं बाहेर जात नाही हो," ताई म्हणायच्या.

"जाईल कुठून? तोंडात कायम ब्रश धरलेला," शेजारच्या आरशापाशी लोकांचे केस विंचरणारे काका म्हणायचे.

पण या कामात एक दुखणं आहे. चांगला मेकअप तोच, जो केलाय हे कळत नाही. काम जितकं सरस, तितकी शाबासकी कमी. ताईंना ती मिळायची घरी, धाकट्या भावाकडून. आईवडिलांमागं त्यांनीच त्याला वाढवलेलं. जेवताना तो विचारायचा, "आज काय लपवलंस, ताई?" आणि त्या रंगून सांगायच्या. डाग, पुरळ, सुरकुत्या. घरातल्या घरात काय बिघडतंय!

एका दुपारी संघाचा कप्तान मुलाखतीला आला. उजवं मनगट जांभळं पडलेलं. "हे दिसता कामा नये, ताई. उद्या सामना आहे." ताईंनी रंगावर रंग चढवून ते असं पुसून टाकलं, की काका कंगवा हातात धरून बघतच राहिले. घरी त्या भावाला म्हणाल्या, "त्याच्या आईलाही कळलं नसतं रे!"

दुसऱ्या दिवशी कप्तान मैदानात उतरलाच नाही. संघ हरला. आणि कळलं की सट्ट्याच्या अ‍ॅपवरचा भाव आदल्या रात्रीच फिरला होता. 'आतली बातमी कुणी फोडली?' वाहिनी दिवसभर ओरडत राहिली. खाली पट्टीवर त्याच अ‍ॅपची जाहिरात नेहमीसारखी सरकत होती.

त्या दुपारी खोलीत तिघंच होती, कप्तान, ताई आणि काका. काकांना तरुणपणी सट्ट्याचा नाद होता, हे सगळ्यांना ठाऊक. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलं.

सकाळी ताईंनी भावाला गाठलं. "कुणाला बोललास?"

"ग्रुपवर टाकलं. थोडे लावले मीही. तुमचंच चॅनल दिवसभर लावा, लावा म्हणून बोंबलतं ना?"

"आणि काका?"

"सुटतील. त्यांनी काही केलंच नाही तर पुरावा कुठून येणार? ताई, बँकेतली नोकरी आहे माझी. नाव निघालं की मी संपलो."

ताई तशाच कामावर गेल्या. निवेदिका खुर्चीत येऊन बसली. "जरा थकल्यासारखी दिसू दे हं मला. बातमी गंभीर आहे."

"कुठली?"

"तुमच्या काकांची. नाव, फोटो, सगळं दाखवतोय. फोटोत कसला बेरकी दिसतो म्हातारा!"

डोळ्याखाली सावली भरणारा हात थांबला. ताईंनी ब्रश ठेवला. "मी साहेबांकडे जाऊन येते. तोवर ती बातमी लावू नका."

"अहो, अर्धाच चेहरा झालाय माझा!"

"असू दे."

चौकशी करणाऱ्या साहेबांसमोर त्या उभ्याच राहिल्या. "काकांचा काही संबंध नाही. मी बोलले. घरी."

"घरी कुणाशी?"

वाटेत त्यांनी पहिलंच वाक्य जुळवलं होतं. पुढचं जुळवायचा धीर झाला नव्हता. साहेब वाट बघत होते.

"भावाशी," त्या म्हणाल्या. मग त्याचं पूर्ण नाव सांगितलं आणि पत्ता, जो त्यांचाही होता.

काका कामावर परतले. ताईंना काढून टाकलं. आता त्या नाटकाच्या कंपनीत रंगपट सांभाळतात. भावाची नोकरी गेली, चौकशी अजून चालू आहे. तो वेगळी खोली घेऊन राहतो. मध्यंतरी एकदाच त्याचा फोन आला.

"जाण्याआधी मला सांगायचं तरी होतंस."

"तुला सांगायला आले असते ना, तर तुझं तोंड बघून परत फिरले असते रे."