तारेपासून तीस पावलं

रोपवाटिकेत तिला सगळे बियामावशी म्हणत. हजेरीच्या वहीत तिचं दुसरंच काही नाव होतं, पण त्या नावाने हाक आली तर ओ द्यायला तिला जरा वेळच लागे.

बाकीच्या बाया पिशव्यांत माती भरत, झारीने पाणी घालत, तण उपटत. बियामावशी रानात जाई आणि बिया घेऊन येई. कोणती बी भिजत घालायची, कोणती घासायची, कोणतीला नुसतं राखेत लोळवायचं, हे सगळं तिच्या बोटांत होतं. पण तिचा खरा मान होता रानजायफळाचा. ते झाड रोपवाटिकेत रुजवणं दुसऱ्या कुणालाच जमत नसे. फळातून बी काढावी तर तिच्यावर लाल जाळीसारखं साल घट्ट चिकटलेलं. तसंच पेरलं तर आठ दिवसांत बुरशी. चाकूने खरवडलं तर दहातली एखादी उगवे, तीही रडतखडत. बियामावशीच्या वाफ्यात मात्र दहातल्या आठ-नऊ वर येत.

"काय घालतेस गं त्यात?" बाया विचारत.

"माझा चांगला स्वभाव," ती म्हणे.

खरं काम तिचं नव्हतंच. ते धनेशाचं होतं. केळ्याएवढ्या चोचीचा हा पक्षी रानजायफळ गिळतो, पोटात त्याचं लाल साल सोडवून घेतो आणि स्वच्छ बी ओकून टाकतो, तीही कुठे कुठे, या टेकडीवरून त्या टेकडीवर. आपल्या आईच्या सावलीत पडलेलं रोप जगत नाही; धनेशाने लांब नेऊन टाकलेलं जगतं. रानातली जुनी रानजायफळं सगळी अशीच, कुठल्या ना कुठल्या पक्ष्याच्या पोटातून आलेली. पिलांच्या दिवसांत तर मादी एखाद्या पोकळ झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल-विष्ठेने आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. आत तिच्या पंखांची पिसं झडून जातात, उडता येत नाही. तीन-साडेतीन महिने नर फळं आणतो, फटीतून एकेक भरवतो. त्या झाडाखाली स्वच्छ बियांचा सडा पडतो. बियामावशी तेवढाच वेचून आणी.

झाड मात्र कुणाला सांगायचं नाही. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं, आईला तिच्या आईने. बी वेचणाऱ्या बाईने ढोलीचं झाड नवऱ्यालाही सांगू नये. ती नोकरीला लागली तेव्हा अशी पाच झाडं होती. एक झाड एका वेचणारीने बढाईत बहिणीला सांगितलं, आणि महिनाभरात कुणीतरी शिडी लावून पिलं काढून नेली. दुसरं वादळात पडलं. दोन ढोल्यांत पक्षी परत आलेच नाहीत, का ते कळलं नाही. आता एकच उरलं होतं. त्याच्याकडे जाताना ती दोनदा ओढा ओलांडे, बांबूच्या बेटाला वळसा घाली, सपाट दगडावर बसून मागे कुणी आहे का बघे, मग उलट्या बाजूने चढण चढे. तासभर लागे. सव्वीस वर्षं ती अशीच जात होती. सरळ वाट शोधायचं तिच्या कधी मनातच आलं नाही.

तिचा नवरा त्याच रानात नोकरीला. त्याला सगळे रंगारी म्हणत, कारण तो तोडायच्या झाडांवर लाल कडं काढी. कुऱ्हाडीची पाठ खोडावर ठोकायची, कान लावायचा, आतून भक्क असा आवाज आला की झाड पोकळ. मग डबा उघडायचा आणि ब्रश फिरवायचा.

"तुझा कुणी यार आहे का गं रानात?" तो चहा पिताना चिडवायचा. "तासभर जातेस, तासभर येतेस, आणि विचारलं तर नुसती हसतेस."

"आहे की. तुमच्यापेक्षा लांब नाकाचा आहे."

"मग सांभाळ. माझ्या घोरण्याची तरी तुला सवय आहे."

त्या वर्षी मुलीचं बाळंतपण आलं. बियामावशीने पंधरा दिवसांची रजा घेतली. निघायच्या आदल्या दिवशी ती बोचकं बांधत असताना रंगारी म्हणाला, "परवापासून विजेच्या तारेखालची पोकळ झाडं काढायचीत. मोठी फांदी तारेवर पडली ना त्या दिवशी. तारेच्या दोन्ही अंगांना चाळीस पावलं, असा हुकूम आहे."

तिचे हात थांबले. ढोलीचं झाड डोळ्यांपुढे आलं. मग तिने मनाशी मोजलं. ओढा, बेट, दगड, चढण, तासाची वाट. तार तर वाटिकेच्या मागेच होती, इथून दिसत होती. आपलं झाड कुठे आणि तार कुठे.

"जपून करा," ती एवढंच म्हणाली आणि बोचक्याला गाठ मारली.

परत आली तेव्हा नातीचे फोटो तिने चहाच्या आधीच दाखवायला काढले. रंगारीने ते बघितले, छान आहे म्हणाला आणि फोन खाली ठेवला. नाक कुणावर गेलंय हेसुद्धा विचारलं नाही.

"काय झालं?"

"एका झाडात धनेशाची मादी निघाली," तो म्हणाला. "पिलासकट. ढोली लिंपलेली होती, खालून गाठीसारखी दिसत होती. खोड पडलं आणि फुटलं तेव्हा कळलं. पिसं नव्हती गं तिला. उडणार कशी."

"कुठलं झाड?"

"ओढ्याच्या वरच्या अंगाला. तारेपासून तीसेक पावलं."

तिने श्वास सोडला. तीस पावलं म्हणजे आपलं नव्हे. मग त्या सुटलेल्या श्वासाची तिला लाजही वाटली. कुणाची का असेना, मादी मेली होती.

सकाळी ती पोतं घेऊन निघाली. दोनदा ओढा, बांबूचं बेट, सपाट दगड. तिथे बसून सवयीने मागे बघितलं. मग चढण. वर पोचली तेव्हा आधी उजेड दिसला. त्या जागी कधी एवढा उजेड नसे. मोकळ्या झालेल्या आभाळात, समोर, अगदी जवळ, विजेच्या तारा होत्या. तारांच्या पलीकडे रोपवाटिकेचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. झारी धरलेली बाई ओळखू येत होती.

एवढी वर्षं ती वळसे घेत घेत आपल्याच परसात येत होती.

बुंध्याशी ती बसली. खोडाचे तुकडे झाले होते. एका तुकड्यावर लाल कडं होतं, नीट, एकसारखं. रंगारीचा हात कधी हलत नसे. जमिनीवर गेल्या पंधरवड्याच्या बिया तशाच पडलेल्या, स्वच्छ, काळसर. तिने वेचायला हात पुढे केला आणि पंखांचा घोंघावणारा आवाज आला.

नर शेजारच्या झाडावर बसला. मान झटकून त्याने गळ्यातून एक फळ चोचीच्या टोकाशी आणलं. ढोली होती त्या जागी मान पुढे केली. तिथे काही नव्हतं. थोडा वेळ फळ तसंच धरलं, मग गिळलं. पुन्हा काढलं. पुन्हा मान पुढे केली. बियामावशी उठेपर्यंत त्याने हे किती वेळा केलं, ते तिने मोजलं नाही.

घरी येऊन तिने रंगारीला सांगितलं. सगळं, आईची शिकवण, वळसे, चढण. तो ओट्याला टेकून ऐकत होता.

"मी ठोकलं ना," तो म्हणाला, "तेव्हा ती आत होती. कान लावला होता मी. माझ्या कानापासून हातभर वर असेल. गप्प बसली."

"मीपण गप्पच बसले," ती म्हणाली.

नर अकरा दिवस आला. नंतर दिसला नाही.

त्या झाडाखालच्या शेवटच्या बिया पेरल्या, त्या उगवल्या. पुढच्या वर्षी वाफा रिकामा राहिला. साहेब पाहणीला आले, कोरड्या मातीकडे बघून म्हणाले, "मावशी, यंदा रानजायफळ नाही?"

"रोपं करणारा गेला, साहेब."

"म्हणजे? तुम्ही आहात की."

"मी नुसती वेचत होते," ती म्हणाली. मग तिने, आयुष्यात पहिल्यांदा, एका परक्या माणसाला ढोलीचं झाड सांगितलं. बुंधा दाखवला. साहेबांनी पोकळ झाडं तोडण्याआधी तिला विचारायचा हुकूम काढला. आता रंगारी कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकण्याआधी झाडासमोर बसून राहतो, कधी अर्धा दिवस, कुणी फळ घेऊन येतंय का बघत. ढोल्या पाच-सहा सापडल्या आहेत. त्यांत अजून कुणी राहायला आलेलं नाही.

आणि फळं पिकली की दोघं रानजायफळाखाली जातात. सावलीत मागच्या वर्षीची रोपं वीतभर होऊन काळी पडलेली असतात. ती खाली बसून चाकूने साल खरवडते, तो टोपलीत बिया घेऊन टेकडी चढतो आणि काठीने भोकं पाडून एकेक बी पुरतो. गुडघे दुखतात म्हणून दर चार भोकांनी थांबतो.

परवा तो वरून ओरडला, "किती झाल्या गं?"

"टोपली निम्मीसुद्धा झाली नाही अजून."

"तुझा तो लांब नाकाचा एका सकाळी किती टाकायचा?"

तिने पलीकडच्या टेकडीकडे बघितलं, मग त्या टेकडीच्याही मागच्या टेकडीकडे. तिथवर त्यांचे पाय कधी पोचणार नव्हते.

"पुरत राहा तुम्ही," ती म्हणाली आणि पुढची बी हातात घेतली.