भोपळ्यावर बांधलेला गॉगल

रविवार, संक्रांतीनंतरचा पहिला. सकाळची वेळ, मेहकरच्या बाहेर निलेशचं शेत. हजर: निलेश, माझा पुतण्या, मैदान त्याचं. सुमेध, नव्या खेळाडूंना नियम सांगायला आलेला. चिखलीहून आलेली कॉलेजची पोरं, सगळी पहिल्यांदाच खेळणारी. आणि मी, उषा. सामान माझ्याकडे.

कोण आलं, काय दिलं, काय परत आलं हे लिहून ठेवायची मला सवय आहे. त्या सकाळचंही लिहिलं. सामान सगळं परत आलं होतं, मोडतोड काही नव्हती. पण सुमेध त्या पोरांसमोर जे बोलला आणि त्यावर मी जे केलं, ते कुठल्या खान्यात घालायचं ते मला सुचेना. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. निलेशला नाही. एकटी असतानाही मोठ्यानं कधी उच्चारलेलं नाही. तुम्ही आमच्यातले नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू या.

आधी खेळाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं शिलाईचं दुकान आहे, पण ब्लाउज-फ्रॉकचं नव्हे. ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं, ताडपत्र्या, शाळेच्या बॅगा, फवारणी पंपाचे पट्टे. एका दिवाळीनंतर निलेश एक बंदूक घेऊन आला. खेळण्यातली, पण हुबेहूब खऱ्यासारखी. "काकू, याले पट्टा शिवून दे ना. असा, का घातला तं फौजीवानी दिसलो पाह्यजे." या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात. प्लास्टिकचे गोल छर्रे, दोन गट, आणि ज्याला छर्रा लागेल त्यानं स्वतःच "लागली" म्हणून हात वर करून बाहेर पडायचं. सोयाबीन निघालं की शेत मोकळं असतं. कुटाराचे, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचे ढीग, जुने ड्रम, बैलगाडीचं चाक यांच्या आडून पोरं खेळतात. निलेशनं त्याचाच धंदा केला.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कुतूहल वाटलं. वस्तू खरी कशामुळे दिसते? रंगामुळे, असं मला आधी वाटायचं. तसं नाही. नवाकोरा हिरवा रंग स्नेहसंमेलनातल्या नाटकासारखा दिसतो. दोनदा धुवून, उन्हात टाकून, काळ्या मातीत चोळला की डोळा फसतो. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन. कमरेची पिशवी रिकामी लोंबली की खेळणं वाटते. तिच्यात जुन्या टायरचा तुकडा घातला की ती माणसाच्या चालीबरोबर हलते आणि खरी वाटू लागते. बंदुकीला मी फवारणी पंपाचाच पट्टा लावला. भरलेला पंप दिवसभर वाहणाऱ्या माणसासाठी तो बनलेला असतो. रुंद, आतून मऊ, खांद्याला काचत नाही. नळीचं टोक मात्र नारिंगीच ठेवायचं आणि रस्त्यानं नेताना बंदूक पिशवीत, हा निलेशचा नियम होता. तो आम्ही कधी मोडला नाही.

माझाही एक नियम होता. प्रत्येक वस्तूपुढे दोन खाने, "दिसायला" आणि "वापरायला". दोन्हीकडे बरोबरची खूण पडली तरच ती वस्तू मैदानावर जाणार. गॉगलसाठी तर मी वेगळीच चाचणी ठेवली होती. भोपळ्याला गॉगल बांधायचा, निलेशनं जवळून छर्रे मारायचे, मग सोडून भोपळ्यावर ओरखडा आहे का ते पाहायचं. पोरं हसायची. नंतर त्या भोपळ्याची भाजी व्हायची.

सुरुवातीला आमच्याकडे कारखान्यात घासकाम करताना लावतात तसले पारदर्शक गॉगल होते. मजबूत, पण दिसायला वेल्डिंगच्या दुकानातले. फोटोत सगळा अवतार फौजी आणि डोळ्यांवर ते बुळबुळीत प्लास्टिक. मला ते खटकायचं. खेळणाऱ्यांना कमी आणि मला जास्त, हे आधीच सांगून टाकते. म्हणून मी मोटारसायकलवाल्यांचे काळ्या चौकटीचे गॉगल आणले. दिसायला अप्रतिम. त्यांचं इलॅस्टिक सैल होतं, ते हेल्मेटवरून घसरायचं. मी ते उसवलं आणि सीट कव्हरचं रुंद इलॅस्टिक शिवलं. चांगलं ताणून. माझ्या कामात घट्ट म्हणजे चांगलं. कव्हर सैल राहिलं तर गिऱ्हाईक परत येतं. पण सीट वाकत नाही आणि गॉगलची चौकट वाकते, खाचेतली काच सैल होते – हे माझ्या हातांना कोण सांगणार?

भोपळ्यानं सांगितलं होतं.

चाचणीत एका गॉगलची डावी काच निघून पडली. छर्रा लागला आणि काच खाचेतून उडाली. फुटली नाही, फक्त निघाली. निलेश तेव्हा फोनवर बोलत होता, त्यानं पाहिलं नाही. मी ती उचलली, अंगठ्यानं दाबून परत बसवली. आणि भोपळा माणसाच्या डोक्यापेक्षा जास्त गोल असतो, म्हणून ताण जास्त आला असेल, असं स्वतःला समजावलं. हसू नका. मी ते अगदी गंभीरपणे समजावलं. "वापरायला" या खान्यात बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे होते ना.

आता सुमेध. जानेफळचा. वडील सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले, आणि याच्याही डोक्यात लहानपणापासून भरतीच. पहाटे पळायचा, रविवारी आमच्याकडे खेळायचा. चेष्टेखोर. तो नवा गॉगल त्यालाच पहिल्यांदा दिला. आरशात पाहून म्हणाला, "काकू, आता भरतीले जायाची गरजच नाही. डायरेक्ट सीमेवर सोडा मले." मला फार आनंद झाला. माझी वस्तू इतकी शोभून दिसणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता.

त्याच खेळात, कुटाराच्या ढिगाआडून त्यानं डोकं वर काढलं आणि छर्रा लागला. मी पाण्याचा कॅन घेऊन जवळच उभी होते, म्हणून पहिली मी पोचले. तो डोळा धरून गुडघ्यांवर बसला होता. गॉगल डोक्यालाच होता. डावी काच नव्हती. काच कुटारात पडली होती. मी आधी काय केलं असेल? त्याला धरलं असेल, पाणी मारलं असेल? नाही. मी आधी काच उचलली आणि पिशवीत टाकली. मग त्याच्या डोक्यावरून गॉगल काढून घेतला.

तेवढ्यात निलेश धावत आला. "गॉगल कुठी आहे याचा?"

"काढला होता त्यानं," मी म्हणाले.

एवढंच. निलेश त्याच्यावर ओरडला, "काऊन काढला बे? काऊन काढला?" आणि सुमेध विव्हळत म्हणाला, "माहीत नाही... काढला असंन."

त्या "असंन"वर मी नंतर किती विचार केला आहे! तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. वेदनेनं तो क्षण पुसला गेला होता, आणि त्या मोकळ्या जागेत मी माझी वस्तू ठेवून दिली होती.

संध्याकाळी जालन्याच्या दवाखान्यात त्याचे वडील आले. तोवर मी काच बसवून ठेवली होती. त्यांनी अख्खा गॉगल हातात फिरवून पाहिला, काचेवर बोट फिरवलं, आणि मग मुलाच्या खाटेकडे पाहिलं. त्या डोळ्यानं सुमेधला आता उजेड कळतो, माणूस कळत नाही. भरतीचा विषय तिथेच संपला.

तीन हिवाळे झाले. तो आता इतर पोरांना भरतीसाठी पळवतो, आणि आमच्याकडे कुणी नवं आलं की स्वतःहून नियम सांगायला येतो. "गॉगल काढू नका. म्या काढला होता," अशी सुरुवात करतो. मी दरवेळी ऐकते, आणि – कसं सांगू – मला दरवेळी नवल वाटतं. पहिल्यांदा तो नुसतं "काढला" म्हणायचा. मग घाम आला. मग काच धुरकट झाली, म्हणून काढला. मग बाहीनं कपाळ पुसलं. बाही कुठून आली? मला माहीत आहे. पळून आला की तो बाहीनंच कपाळ पुसतो, रोज. त्यानं स्वतःच्या खऱ्या सवयी एकेक करून माझ्या खोट्यात भरल्या. रिकाम्या पिशवीत मी टायरचा तुकडा घालते, तसं. आता त्या गोष्टीला वजन आहे, ती त्याच्या चालीबरोबर हलते. त्याला विचारलंत तर तो शपथेवर सांगेल की त्यानं गॉगल काढला, आणि खोटं पकडण्यात तरबेज असलेला माणूसही म्हणेल, पोरगं खरं बोलतंय.

तसले बाकीचे गॉगल मी त्याच आठवड्यात कापून टाकले. निलेशला म्हटलं, फोटोत चांगले दिसत नाहीत. आता अख्खा चेहरा झाकणारे मुखवटे आहेत, कुरूप आणि भक्कम. भोपळ्यावर एकाचीही काच निघाली नाही. पण हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. ते न केलं असतं तर आणखी वाईट, एवढंच.

आता त्या रविवारचं. पोरं गोल करून बसली होती. सुमेधनं घाम सांगितला, धुरकट काच सांगितली, बाही सांगितली. आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "या काकूनं आवाज देल्ता मले. 'गॉगल घाल बे!' म्या आयकलंच नाही. आयकलं असतं तं आज वर्दीत असतो." सगळी पोरं माझ्याकडे वळली. एक जण म्हणाला, "काकू, तुम्ही लय भारी हाव."

हे कधी घडलं? कोण ओरडलं? कदाचित त्याला मी चांगली वाटते. कदाचित माझ्यावर माया आहे म्हणून त्यानं मला त्या क्षणात नेऊन उभं केलं, त्याला वाचवायला. मी काय केलं असेल?

मी मान हलवली. हो म्हणून.

पहिलं खोटं घाबरून बोलले, असं तरी म्हणता येईल. ह्याला काय म्हणायचं? बक्षीस देत होते, आणि मी घेतलं.

चार दिवसांनी त्याचे वडील दुकानात आले. पलटणीतला जुना पिट्ठू, पाठीवरची पिशवी, शिवायला आणली होती. ती देता देता म्हणाले, "ताई, तुम्ही आवाज देल्ता म्हने त्याले. आता सांगलं त्यानं मले. म्या तवापासून धड बोललोच नाही त्याच्याशी. म्हटलं, ज्याले डोयावरचा गॉगल संभायता येत नाही, त्याले रायफल कोन देईन?" मग म्हणाले, "बाकी पोरगं वाईट नाही."

तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. रस्ता मोकळा होता, गिऱ्हाईक नव्हतं, मशीन बंद होतं. यापेक्षा सोपी वेळ मला मिळणार नव्हती. मी पिट्ठूचा पट्टा उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, दोरा काळा घालू की हिरवा?

ते म्हणाले, हिरवा.

घरी एक बाप आपल्या मुलाशी धड बोलत नाही, आणि मुलाला वाटतं की हे आपल्याच हातानं झालं. ते दोघं रोज एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवतात. मध्ये माझं वाक्य आहे.

पिट्ठू शिवून झाला. पट्ट्याला दुहेरी टीप घातली, बक्कल बदललं. तो न्यायला ते पुन्हा येणार होते. मी फोन करून सांगितलं, तुम्ही येऊ नका, मीच जानेफळला आणून देते, सुमेध घरी असेल अशा वेळी. ते म्हणाले, या. त्याला आज आठ दिवस होतील. पिट्ठू अजून दुकानातच आहे.