कानसेनाचे स्पीकर

पत्र्याच्या कारखान्यात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे कानसेन म्हणत. मोठ्या इमारतींत गार हवा खेळवणारी चौकोनी नळकांडी तिथं बनत, आणि पत्रा किती जाडीचा आहे हे हा गडी बोटाच्या पेरानं टकटक करून सांगायचा. खात्री करायला माप लावणारे माप लावत आणि गप बसत. त्यात पुन्हा गाण्याचं वेड. जेवणाच्या सुट्टीत कुणी मोबाइलवर गाणं लावलं की हा घास चावता चावता सांगणार, "दुसरं व्हायोलिन ऐक, केसभर उतरलंय." बाकीच्यांना पहिलं व्हायोलिनसुद्धा सापडत नसे. पण कानसेन म्हणाला म्हणजे उतरलंच असणार. हे नाव बत्तीस वर्षं चाललं. त्या बत्तीस वर्षांत रोज आठ तास त्याच्या कानाशी पत्र्यावर हातोडे पडत होते, याचा विचार कुणी केला नाही. त्यानंही नाही.

बायको एका दवाखान्यात फोन घ्यायला बसे. दिवसभर लोकांचं कण्हणं, पुटपुटणं, अर्धवट सांगितलेली दुखणी कान देऊन ऐकायची आणि नीट लिहून घ्यायची. घरी आली की तिला शांतता लागे. गाणं म्हणजे तिच्या लेखी नवऱ्याचा आवाज बंद ठेवणारी एक सोय. तो तिला काही ऐकवायला गेला की ती म्हणे, "छान आहे. कुकरची शिट्टी झाली का बघा जरा." मग तो म्हणे, "गाढवाला गुळाची चव काय." हे दोघांचं इतकं मुरलेलं होतं की त्यात राग उरला नव्हता.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मागं राहिला. जाण्याआधी तिनं बापाच्या सगळ्या कॅसेट त्यात उतरवून दिल्या. सोबत चहाच्या कपाएवढे दोन स्पीकर होते, त्यावर काम भागत होतं. रविवारी सकाळी आंघोळ करून कानसेन त्यासमोर बसायचा तो जेवायला हाका मारीपर्यंत.

अशाच एका रविवारी बायको ओल्या हातानं दारात आली.

"अहो, ही शिट्टी कसली?"

"कसली शिट्टी?"

"तुम्ही तो माउस हलवता ना, तेव्हा चिरकतंय. आत खराच उंदीर शिरलाय का बघा."

कानसेनानं माउस हलवला. मान तिरपी करून ऐकलं. काहीच नव्हतं. तो म्हणाला, "हां, येतोय खरा बारीक."

पत्र्याच्या माणसाला कुठलाही आवाज आला की आधी वाटतं, पत्रा सैल असणार. त्यानं कॉम्प्युटरची पेटी उघडली. स्क्रू आवळले, कडांना नमद्याच्या, जाड लोकरी कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या, पंख्याखाली रबर घातलं. त्यात त्याचे दोन दिवस गेले. पेटी अशी बसली की वरून ठोकली तर भरल्या पोत्यासारखी वाजावी. त्यानं बायकोला बोलावलं आणि माउस हलवला.

"गेला ना?"

"कुठला जातोय. आहे तसाच आहे."

त्यानं पुन्हा हलवला. या खेपेला त्याची नजर पडद्यावर नव्हती, बायकोच्या तोंडावर होती. माउस सरकला की तिच्या भुवया एकमेकींजवळ येत. थांबला की सुटत. त्यानं सरकवला, आल्या. थांबवला, सुटल्या. चार वेळा करून बघितलं. मग तो म्हणाला, "बघतो काय करायचं ते," आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसला. व्हायोलिन उतरलंय असं शेवटचं आपण कधी सांगितलं आणि ते ऐकून सांगितलं की आठवून, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.

कारखान्यात तो हे कुणाला बोलला नाही. घरीही नाही. बहिरा म्हटलेलं एक वेळ चाललं असतं, कानसेन बहिरा हे चाललं नसतं.

मुलीनं फोनवर उपाय सांगितला. "कॉम्प्युटरमधलं आवाजाचं सर्किट हलकं असतं, बाबा. आतली बाकीची खुडबुड त्यात शिरते. बाहेरून लावायचं साउंड कार्ड घ्या, काड्यापेटीएवढं मिळतं. आणि ते स्पीकर टाका आता. कमी किमतीत बरे मिळतील, फक्त रंगीत दिवे लुकलुकणारे घेऊ नका. दुकानात ऐकून घ्या. तुम्हाला काय सांगायचं, तुमचा कान आहेच."

"आहेच," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी तो दुकानात निघाला तेव्हा बायकोला म्हणाला, "तूही चल." आजवर बाजारात ती त्याला ओढून नेत आली होती, त्यामुळं तिनं एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं आणि चपला घातल्या.

दुकान लांबट, अरुंद होतं, भिंतभर खोकी. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं फळीवर स्पीकरच्या पाच जोड्या मांडल्या आणि खोक्यावरचे वॅट वाचायला लागला.

"ते राहू द्या," कानसेन म्हणाला. "छापायला काय जातंय."

त्यानं एकेक स्पीकर उचलून हातात तोलला, मग पाठीवर पेरानं ठोकला. पहिले दोन रिकाम्या डब्यासारखे बोलले, ते त्यानं बाजूला सारले. तिसऱ्याची बाहेरून लाकडाची नक्षी होती, आत प्लास्टिक. "हा सोंगाड्या," म्हणून तोही गेला. उरलेल्या दोन जोड्यांत एक होती खऱ्या दाबीव लाकडाची, ठोकली की घट्ट बोलणारी. दुसरी लहान होती, जाळीचं तोंड असलेली.

दुकानदारानं चष्मा खाली घेतला. "गिऱ्हाईक नुसतं दिवे बघतं. तुम्ही या धंद्यातले काय?"

"पत्र्यातला."

आधी लाकडी जोडी लावली. पेनड्राइव्हवर आणलेलं गाणं दुकानातल्या कॉम्प्युटरवर सुरू झालं. खालचा भाग भरीव आला, गाणाऱ्याचा गळा जागच्या जागी. वर मात्र रजई पांघरल्यासारखं. कानसेनाला वाटलं, एवढंच? मग जाळीवाली लावली आणि तो ताठ बसला. व्हायोलिनं आली. वरच्या तारेवरची, कित्येक वर्षांत न भेटलेली, एकेक सुटी. ती कधीपासून गेली होती हे त्याला त्या क्षणी कळलं, कारण ती परत आली होती.

"हीच," तो म्हणाला.

बायकोनं दोन्ही हात कानांवर ठेवले होते. दुकानदारानं आवाज निम्म्यावर आणला.

"हीच? अहो, दातात सुई घातल्यागत होतंय. ही घरात आली तर मी रविवारी बाहेर जाऊन बसेन."

"तुला काय कळतंय त्यातलं? गाढवाला गुळाची..."

"गाढवाला निदान कान तरी मोठे असतात," ती म्हणाली.

तिनं ते नेहमीच्या थट्टेत म्हटलं होतं. पण तो नेहमीसारखा हसला नाही. गाणं संपलं. दुकानदारानं दुसरं लावायला हात पुढं केला तसा कानसेन म्हणाला, "थांबा जरा." मग बायकोकडे वळला.

"ती शिट्टी मला येत नाही ऐकू. एकदाही आली नाही."

"कुठली, माउसची?"

"तीच. आणि त्या लाकडाच्या स्पीकरवर मला वरचं काही येत नाही. या जाळीवाल्यावर येतं. म्हणून हीच म्हणालो."

"मग दोन दिवस ती पेटी उघडून काय करत होतात?"

"तू म्हणालीस ना, आवाज येतोय."

"मेलं," ती म्हणाली. दवाखान्यात रोज दहा जण तिला फोनवर हेच सांगत, आधी नाही नाही करून मग खरं. त्यांना ती मंगळवारची वेळ देई. नवऱ्याला मंगळवारची वेळ देता येत नव्हती. "मग घ्या तीच. मी बसेन स्वैपाकघरात, दार लावून."

दुकानदार खोकी सारखी करण्यात गुंतला होता. खोकी आधीच सारखी होती.

कानसेनानं दोन्ही जोड्यांकडे पाहिलं. जाळीवाली लावून बायकोला दुसऱ्या खोलीत घालवायची, आणि जे वाजतंय ते खरं कसं वाजतंय हे विचारायला खोलीत कुणीच ठेवायचं नाही. चुकीच्या मोजपट्टीनं नळकांडं कापल्यासारखं ते झालं असतं. पट्टी आपली आवडती आहे म्हणून नळकांडं बसवायची भिंत बदलत नाही.

"लाकडाची द्या," तो म्हणाला. "आणि साउंड कार्ड दाखवा."

दुकानदारानं दोन काढली. एक बोटाएवढी काडी, एक काड्यापेटीसारखी डबी. "फरक गाण्यात नाही कळत," तो म्हणाला, "शांततेत कळतो." त्यानं गाणं बंद करून आवाज पूर्ण चढवला आणि काडी लावली. दुकानात काहीच वाजत नव्हतं. निदान कानसेनाला वाजत नव्हतं. तो बायकोच्या भुवया बघत होता. त्या किंचित हलल्या.

"लांब कुणीतरी नळ सोडलाय," ती म्हणाली.

डबी लावली. दुकानदारानं माउस घेऊन टेबलभर फिरवला. तिनं डोळे मिटले, अनोळखी माणसाचा फोन घेताना मिटायची तसे.

"हं. नळ बंद."

"नक्की?"

"आता मलाच विचारायचंय ना? मग विश्वास ठेवा."

डबी घेतली.

रविवारी सकाळी त्यानं सगळं जोडलं. बायकोला सांगितलं, अर्धा तास बस, शिट्टी परत आली तर बोल. ती मटार घेऊन बसली. त्यानं आपला सगळ्यात लाडका गायक लावला, ज्याच्यावर तो तीस वर्षं बोलत आला होता. दोन कडवी झाली.

"शिट्टी?"

"नाही," ती म्हणाली. शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "हा माणूस श्वास फार मोठ्यानं घेतो, नाही?"

कानसेनानं गाणं थांबवलं. तिच्याकडून गाण्यावर आजवर एक शब्द आला नव्हता, आणि जो आला त्यातली गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

"कुठं घेतो?"

"ओळ सुरू करायच्या आधी. लावा परत."

त्यानं मागं नेलं. ती शेंग हातात धरून ऐकत राहिली. "आत्ता... हां, आत्ता. आणि हा बघा, इथं परत."

प्रत्येक वेळी त्यानं बोटानं टेबलावर हलकी खूण केली, जागा लक्षात राहावी म्हणून.

"कसा घेतो? जोरात ओढल्यासारखा?"

"नाही. दमल्यासारखा. जिना चढून आल्यागत." तिनं शेंग फोडली. "अजून एकदा लावायचंय का?"

"लावतो."

"लावा. पण मटार संपेपर्यंतच."