जित्याजागत्या माणसाचा दुखवटा

आता तुमच्यापासून काय लपवू? नोकरीच्या पहिल्या दिवशी लोक डबा विसरतात, बस चुकवतात. मी एका धडधाकट, कमावत्या माणसाचा दुखवटा घडवून आणला. कप खाली ठेवा आधी, सांडाल.

मी नुकतीच मानसिक आरोग्य कार्यकर्ती झाले होते. गावोगाव जायचं, मनाने खचलेल्या माणसांजवळ बसायचं, हे काम. प्रशिक्षणात सर म्हणाले होते, "गंभीर राहा. मध्ये बोलू नका. माणूस मनातलं बोलायला लागला की फक्त मान हलवा. रडला तर रडू द्या." मी वहीत प्रत्येक वाक्याखाली दोनदा रेघ मारली होती.

पहिलं घर कामरगावच्या गंगाबाईंचं. मुलगा संतोष भांडून पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर गेला, त्याला चार महिने झालेले. आधी फोन कोणी करायचा, यावर मायलेक अडून बसले होते. गंगाबाईंनी बोलणं टाकलं होतं, जेवणही अर्ध्यावर आलं होतं. ही बाई अशीच झिजून जाईल, अशी शेजारणींना धास्ती.

गावातल्या आशा सेविका ताईंनी मला दारात सोडलं आणि त्या लसीकरणाला पळाल्या. गंगाबाई ओसरीत तूर निवडत होत्या. इस्त्रीचा एकच होता म्हणून मी पांढरा ड्रेस घातलेला. चेहरा पाडून त्यांच्याजवळ जाऊन बसले. गप्प. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यातलं माणूस न बोलता शेजारी येऊन बसतं ते कधी, हे मला कळायला नको?

त्यांनी सूप खाली ठेवलं. "कोन वं तू? काहून आली?"

मी त्यांचा हात हातात घेतला.

"माह्या संतोषचं काई हाय का?"

चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मुलाचं नाव काढलं होतं. मला इतका आनंद झाला, की मी अगदी सावकाश मान हलवली.

बाईंनी हंबरडा फोडला. मी मनात म्हटलं, रडू द्या. शेजारणी धावत आल्या. कोणी काही विचारलं नाही, पदर तोंडाला लावून बसल्या आणि रडायला लागल्या. चांगल्या पंधरा बायका. मला वाटलं, किती जीव लावतात या एकमेकींना. मीही डोळे पुसले.

शेजारचे एक काका वाकून म्हणाले, "मॅडम, मयत कवा येऊन राह्यली?"

"कोणाची?"

सगळ्यांचं रडणं एकदम थांबलं.

मी कोण, कशाला आले, हे एका दमात सांगून टाकलं. कोणाचा विश्वास बसेना. काकांनी संतोषला फोन लावला. रिंग वाजत राहिली. तेवढ्यात मी मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला.

"हॅलो, काका?"

गंगाबाईंनी फोन हिसकावला. "मेल्या, जित्ता हायेस का?"

"हाव माय. काहून?"

"जेवला का?"

पलीकडून हुंदका आला. "तू जेवली का माय?"

अर्धा तास बोलले दोघं. आता मात्र मला खरंखुरं रडू आलं, आणि ते काही केल्या आवरेना. त्या दिवशी गंगाबाईंनी मला पिठलं-भाकर वाढली आणि समोर बसून स्वतःही पोटभर जेवल्या.

निघताना म्हणाल्या, "येत जाय वं पोरी. पन दारातच सांगत जाय, सगळे जित्ते हायेत म्हनून."

तेव्हापासून कुठल्याही घरी गेले की नमस्काराआधी मी तेच सांगते. माझं खरं नाव आता पंचक्रोशीत कोणाला ठाऊक नाही. सगळे मला 'जित्तेवाली मॅडम' म्हणतात.