मीटरच्या खोलीची काच

माझी मुलगी सात वर्षांची होती आणि तिचा सगळा जीव विजेच्या मीटरमध्ये फिरणाऱ्या चकतीत अडकलेला होता. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एका खोलीत सगळ्यांचे मीटर होते आणि त्यांच्या खाली फ्यूज, उघड्या तारा. चकतीवरची काळी खूण फिरून आली की ती टाळ्या पिटायची आणि बोट पुढे करायची. डॉक्टर मतिमंद म्हणून मोकळे झाले होते. ऑटिझम हा शब्द मी फार नंतर ऐकला.

मीच भांडून सोसायटीला त्या खोलीला कुलूप घालायला लावलं. तर ती बंद दारावर डोकं आपटू लागली. "दोन थोबाडीत द्या, विसरेल," शेजारीण म्हणाली. "आधी तुमच्या पोरांना द्या," म्हणून मी तिच्या तोंडावर दार लावलं.

तळमजल्यावर मालवणकडचे एक काका राहायचे. गिरणीतली नोकरी सुटल्यावर ते सुतारकाम करत. एका रविवारी त्यांनी कुलूप तसंच ठेवून दाराची फळी कापली आणि तिथे जाड काच बसवली. मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली. कपाळावर टेंगूळ आणि तोंडभर हसू. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी बसून गरम चहा प्यायले.

काच मात्र तिच्या कमरेपासून थेट माझ्या डोक्यापर्यंत होती. "एवढी उंच कशाला, काका?" मी विचारलं.

"अगो, चेडू वाढतला मा!" करवत पुसत ते म्हणाले.

ती मोठी होईल, हे तोवर कुणाच्याच तोंडून निघालं नव्हतं. माझ्याही.