धुतलेलं आतडं
लसूण सोलायला बसले की मला जुन्नरची आमची जनावरांचे रोग तपासायची छोटी प्रयोगशाळा आठवते. डिंभ्याकडची एक बाई कोंबडीच्या मेलेल्या पिल्लाचं आतडं स्टीलच्या डब्यात घालून पहिल्या एसटीने आली होती. डबा उघडला, तर आतडं उभं चिरून लख्ख धुतलेलं. "तुमच्याकडं घाण कशी आनायची? तीन पाण्यानं धुतलंय," ती म्हणाली. तपासायची घाणच धुऊन गेली, नमुना वाया गेला म्हणून मी चिडले, तरी अस्तर खरवडून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पेशी टम्म फुगलेली, केंद्रक कडेला ढकललेलं, आत परजीवी दाटीने बसलेले. तिलाही ते जंतू दाखवले. एक डोळा मिटून ती बराच वेळ बघत राहिली. "लसणाचा गड्डाच की! एवढं धुवून बी गेलं न्हाईत?" "पेशीच्या आत आहेत, तिथे पाणी पोचत नाही." "मंग शिरले कुठनं?" "विष्ठेतून. खुराड्यात ओल असली की फोफावतात." तिने मान वर केली. "ओल? मी तर रोज पाणी मारून खुराडं धुते, ताई." उरलेल्या पिल्लांसाठी औषध आणि खुराड्यात पसरायला कोरडं तूस सांगताना माझा आवाज खाली गेला. अजूनही लसूण सोलून झाला की धुवायला नळाकडे गेलेला माझा हात क्षणभर थांबतो.